आईचा पहिला हिमालय

“ग्रहण? हे काय गावाचं नाव झालं?”

पोळ्या लाटता लाटता आईने विचारलं. म्हटलं, ग्रहण नाही गं, ग्राहण. हिमाचलमध्ये आहे, कसोलच्या वर.

“म्हणजे मागच्या वेळी तू जिथून परत आलीस, तेच ना?”

तेच. आई असल्या गोष्टी विसरत नाही.

तर ते आधी सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी, शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली त्याच आठवड्यात मी एका ग्रुपबरोबर सर पासच्या ट्रेकला गेले होते. सर पास ही साधारण 13,800 फुटांवरची खिंड. कसोलहून निघायचं, ग्राहणला पहिला मुक्काम करायचा, मग रोज थोडं थोडं वर चढत बर्फातून खिंड ओलांडायची आणि पलीकडे बरशैनीच्या बाजूला उतरायचं. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा हिमालय पाहिला तो याच वाटेवर, यूथ हॉस्टेल्सच्या उन्हाळी कॅम्पमधून. आमच्या कट्ट्यावर तर दोनच जाती होत्या. सर पास केलेले आणि न केलेले.

मला दुसऱ्या जातीतून पहिल्या जातीत जायचं होतं. ग्राहणला पोहोचले आणि रात्री अंग तापलं. सकाळी लीडरने थर्मामीटर लावला, पाहिला आणि एवढंच म्हणाला, “तू खाली.” बॅच वर गेली, मी एका वाटाड्याबरोबर खाली. अख्खी वाट रडत उतरले. पुढचे चार दिवस बाकीचे बर्फात फोटो काढत होते आणि मी कसोलच्या खोलीत क्रोसिन खाऊन छताकडे बघत होते. त्याचं बरोबर होतं हे आता कळतं. ताप अंगात घेऊन अशा उंचीवर कुणी जाऊ नये. पण त्या दिवशी तो माणूस मला शत्रू नंबर एक वाटला होता.

आणि ग्राहण? गावात अख्खी रात्र काढून मला तिथलं काहीही आठवत नव्हतं. तंबूच्या पिवळ्या कापडाशिवाय.

यंदा नोकरी लागून वर्ष झालं, आठ दिवसांची सुट्टी साठली. मित्रमैत्रिणी म्हणाले, आता सर पास पूर्ण कर. पण मी आईला विचारलं, येतेस का? आई 53 वर्षांची. नाशिकमध्ये डबे करते. सकाळी वीस, संध्याकाळी वीस. अकरा वर्षांत तिने सलग आठ दिवस चूल बंद ठेवलेली नाही. तिची अट एकच होती, “बर्फ दिसायला पाहिजे. लांबून दिसला तरी चालेल.”

लांबून दिसणारा बर्फ, एका दिवसात चढता येईल अशी वाट आणि वर राहायला कुणाचं तरी घर. शोधता शोधता मी फिरून ग्राहणवरच आले.

आता आकड्यांचं बघू, कारण हिमालय म्हटलं की सह्याद्रीतल्या पोरांनाही उगाच धडकी भरते. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. कसोल हे गावच साधारण 1,580 मीटरवर आहे. म्हणजे बसमधून उतरता तेव्हाच तुम्ही जवळपास कळसूबाईच्या उंचीवर उभे असता, घाम न गाळता. ग्राहण साधारण 2,350 मीटरवर. चढाई होते पावणेआठशे मीटरच्या आसपास. बारीतून निघून कळसूबाई केलेल्यांसाठी हा आकडा अनोळखी नाही. फरक एवढाच की तिकडे ही चढाई आठ-दहा किलोमीटरमध्ये पसरलेली आहे, आणि शिड्या नाहीत. उंचीचा त्रास साधारणपणे 2,500 मीटरच्या वर सुरू होतो, तोही प्रत्येकाला होतो असं नाही. ग्राहण त्या रेषेच्या आतच राहतं. ‘बिगिनर्स ट्रेक’ हा शब्द हल्ली कशालाही चिकटवतात, पण इथे तो खरा आहे. एका अटीवर. घाई करायची नाही. या अटीने मला पुढे कसं पकडलं ते सांगतेच.

तयारी म्हणून सहा आठवडे आम्ही दर रविवारी पांडवलेणी आणि दोनदा रामशेज केला. पहिल्या रविवारी आई पांडवलेणीच्या पायऱ्यांवर चार वेळा बसली. सहाव्या रविवारी एकदाही नाही. सप्तशृंगीच्या पायऱ्या ती दरवर्षी चढते, त्यामुळे चढण्याची तिला भीती नव्हती. भीती उतरण्याची होती. उजवा गुडघा. आमच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं, उतरताना काठी हवी, पावलं छोटी हवीत आणि उड्या बंद. आईने काठी घ्यायला आधी साफ नकार दिला. “म्हातारी दिसते.” मग मी तिला परदेशी पोरांचे दोन-दोन काठ्या घेऊन चालतानाचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा म्हणाली, “हो का, मग दोन घे.”

नाशिकरोडहून दिल्लीपर्यंत रेल्वे. कश्मिरी गेटच्या बसअड्ड्यावरून रात्रीची बस. सकाळी भुंतर. इथे पार्वती नदी बियासला मिळते, आणि दोघींच्या पाण्याचा रंग वेगळा असतो हे पुलावरून दिसतं. आई तिथे थांबून हात जोडायला लागली, मागून ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. भुंतरहून मणिकरणला जाणारी लोकल बस पकडली की तीसेक किलोमीटरवर कसोल येतं. त्या दिवशी काही करायचं नाही असं ठरवलं होतं आणि तेच केलं. रात्रभर बसमध्ये वळणं खाऊन सकाळी चढायला लागणं ही नवख्यांची नेहमीची चूक. कसोलबद्दल फार सांगत नाही, तुम्ही रील्स पाहिलेत. कॅफे, हिब्रूतल्या पाट्या, बीन्या आणि टी-शर्टची दुकानं. आईने मेन्यूकार्ड वाचून विचारलं, “यात जेवण कुठलंय?”

दुसऱ्या दिवशी आठला निघालो.

वाट ग्राहण नाल्याच्या काठाने जाते. आपल्याकडे नाला म्हटलं की हात नाकाकडे जातो. तिकडचा नाला म्हणजे दगडांवरून आदळत, फेसाळत येणारं पांढरंशुभ्र पाणी, शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये एवढा आवाज. कसोलची हॉटेलं मागे पडली की दहा-पंधरा मिनिटांत देवदार सुरू होतात. हा सगळा पट्टा कनावर अभयारण्यात येतो. पहिले दोन-तीन तास चढ जाणवतही नाही. मध्ये लाकडी पूल. कधी नाला उजवीकडे, कधी डावीकडे. सीझनमध्ये एखादी चहाची टपरी लागते, तिथे मॅगी असतेच. मॅगीशिवाय हिमालय उभा राहिला नसता असं मला हल्ली वाटायला लागलंय.

चालण्याचा आमचा एकच नियम होता. बोलता आलं पाहिजे. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. आईला हे फारच सोपं गेलं. ती तीन तास बोलत होती. मी तिच्याबरोबर घरात चोवीस वर्षं राहिले, पण डबे सुरू करण्याआधी तिने सहा महिने एका टेलरकडे काजबटण केलं होतं हे मला त्या जंगलात कळलं. घरी आम्ही बोलतो ते “चावी घेतलीस का” आणि “रात्री किती वाजता येशील”.

वाटेत गावातले लोक भेटतात. एक बाई पाठीवर किल्टा घेऊन आमच्या मागून आली आणि बघता बघता पुढे गेली. किल्टा म्हणजे वर रुंद, खाली निमुळती अशी विणलेली उंच टोपली, दोन पट्ट्यांनी पाठीवर घेतात. गवत, लाकडं, शेण, किराणा, सगळं त्यातच. तिच्या किल्ट्यात पिठाची गोणी होती. माझ्या सॅकमध्ये सात किलो होते आणि त्याच्यासाठी मी खास कमरेचा पट्टा असलेली सॅक घेतली होती. असो.

शेवटचे दोन-तीन किलोमीटर मात्र खरे. तिथे नाल्याचा आवाज खाली राहतो आणि वाट अंगावर येते. दोन पर्याय दिसतात. एक सरळ नाकासमोर चढणारी, गावातल्या लोकांच्या पायाखालची. दुसरी वळणं घेत जाणारी, लांबची. लांबची घ्या. आम्ही घेतली. पंचवीस पावलं चालायचं, उभ्यानेच श्वास घ्यायचा, पुन्हा पंचवीस. बसायचं नाही, बसलं की पाय जड होतात. वरून येणाऱ्या प्रत्येकाला आई विचारायची, “भैया, कितना है?” आणि प्रत्येक जण सांगायचा, “बस, आधा घंटा.” असे चार अर्धे तास झाल्यावर तिने विचारणं सोडलं. “यांचं घड्याळ वेगळं आहे,” म्हणाली.

दीड वाजता पहिलं घर दिसलं. साडेपाच तास लागले. वीस-बावीसच्या पोरांना चार लागतात. मला फरक पडला नाही असं लिहायला आवडलं असतं. पडला. मागून निघालेले तीन गट आम्हाला ओलांडून गेले आणि प्रत्येक वेळी माझे पाय आपोआप पटापट पडायला लागले होते.

पण मग आई वळली. समोर, दरीच्या टोकाला, ढगातून एक पांढरी धार बाहेर आली होती. ती काही बोलली नाही. अडीच मिनिटं तरी बोलली नाही, आणि हा रेकॉर्ड आहे.

आता गावाबद्दल. गेल्या वेळी मी न पाहिलेल्या गावाबद्दल.

ग्राहणची जुनी घरं काठकुणी पद्धतीची आहेत. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोपरा. देवदारच्या तुळया आणि दगड यांचे एकावर एक थर, मध्ये सिमेंट नाही. लहानपणी काडेपेटीच्या काड्या एकमेकींवर आडव्या-उभ्या रचून विहीर करायचो ना, कोपरे तसेच बांधलेले. भूकंपात भिंत थोडी हलते, पण कोपरा सुटत नाही. कुलू खोऱ्यातला नग्गरचा किल्ला याच पद्धतीने बांधलेला आहे, आणि 1905 च्या कांगडा भूकंपानंतरही तो उभा राहिला. खालच्या मजल्यावर गाईगुरं, वर माणसं. गाईंच्या अंगाची ऊब वर येते. वर लाकडी गॅलरी, छपराला पाटीच्या दगडाच्या फरश्या. नवी घरं मात्र सिमेंट आणि पत्र्याची होताहेत. आमच्या घरमालकिणीला मी विचारलं, जुनं जास्त छान नाही का? त्या म्हणाल्या, “लकडी कहाँ से लाएँ?” जंगल अभयारण्यात, देवदार मोजून मापून मिळणार, आणि असं काम येणारे कारागीरही कमी झालेत. बाहेरून येऊन “जुनंच छान होतं” म्हणणं फार सोपं असतं हे मला तेव्हा लख्ख कळलं.

एका जुन्या भिंतीत बोटभर रुंदीचं भोक होतं आणि त्यातून मधमाश्या ये-जा करत होत्या. मला वाटलं पोळं लागलंय, सांगायला धावले. घरमालकीण हसल्या. भिंतीतच आतून कप्पा ठेवलेला असतो, माश्या बाहेरच्या भोकातून येतात आणि मध घराच्या आतून काढतात. ग्राहणचा मध त्या भागात नावाजलेला आहे. या माश्या म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या सातेरीच्याच जातीतल्या, थंडीला सरावलेल्या. आईने एक बाटली घेतली. घासाघीस केली नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

गावात दारू आणि सिगारेट चालत नाही. देवतेचा नियम आहे. कुलूच्या खोऱ्यात गावोगावी देवता असते आणि तिचा शब्द म्हणजे शब्द. पटो न पटो, आपण पाहुणे. आमच्याच घरात उतरलेल्या तिघा पोरांपैकी एकाने हळूच विचारलं, “पीछे जाकर?” घरमालकिणींनी नुसतं पाहिलं. विषय संपला. देवळाला विचारल्याशिवाय हात लावू नका, चामड्याचा पट्टा घालून आवारात जाऊ नका, बायकांचे फोटो विचारून काढा. आणि चिप्सची पाकिटं खाली परत आणा, कारण वर ती गोळा करायला महापालिकेची घंटागाडी येत नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या तंदूरभोवती, म्हणजे तिकडच्या लोखंडी शेगडीभोवती, सगळे बसले. आई आणि घरमालकीण यांची भाषा म्हणाल तर आईचं हिंदी नाशिक स्टेशनच्या पुढे जात नाही आणि त्यांचं निम्मं कुलवी. तरी दोघींचं दोन तास चाललं होतं. गुडघे, मुलींची लग्नं, गॅसचे दर. सिलिंडर तिथे पाठीवर नाहीतर खेचरावर येतो, त्यामुळे तो जपून वापरायचा आणि बाकी सगळं लाकडावर. त्यांनी सिड्डू केले. आंबवलेल्या कणकेत अक्रोडाचं सारण भरून उकडायचे, वरून तूप. आईने ते हातात घेऊन फिरवून पाहिले आणि म्हणाली, “दिंडं आहेत ही, तिखट.” मग सॅकमधून भाजणीची पिशवी निघाली. ती तिने आणलीय हे मला माहीतच नव्हतं. माझी सात किलोंची सॅक मी ग्रॅममध्ये मोजून भरली होती, आणि ही बाई अर्धा किलो भाजणी घेऊन हिमालय चढली होती. तंदूरवर थालीपिठं झाली. त्या तीन पोरांनी चार-चार खाल्ली.

ठरलेलं असं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात फिरायचं, वरच्या जंगलापर्यंत जाऊन यायचं, एकला जेवून उतरायला लागायचं, पाचपर्यंत कसोल आणि रात्री भुंतरहून दिल्लीची बस. तिकिटं काढलेली.

सकाळ निळीशार होती. बारा वाजता ढग आले. एकला पाऊस सुरू झाला, आणि आपल्याकडच्या वळवासारखा पडून मोकळा झाला नाही. गारा आल्या, पत्रा तडतडला, मग संथपणे कोसळत राहिला. दोन वाजले. मी सॅक भरून पोंचो घालून ओसरीत उभी. घरमालकीण म्हणाल्या, “आज मत जाओ.”

मी घड्याळ दाखवलं. तिकिटं दाखवली. त्यांनी तिकिटांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. उन्हाने वरचा बर्फ वितळतो तो दुपारी, त्यामुळे नाल्याला रोजच संध्याकाळी पाणी जास्त असतं आणि पहाटे कमी. त्यात आज पाऊस. उतारावरची माती सुटते, दगड येतात. चढाची वाट ओली झाली की घसरते. आणि तीनला निघालात तर या माताजींच्या चालीने जंगलातच अंधार पडेल.

प्रत्येक वाक्य खरं होतं. आणि मला प्रचंड राग आला. तोच राग, त्याच गावात. पुन्हा कुणीतरी मला सांगत होतं की तू जायचं नाहीस. फरक एवढाच की गेल्या वेळी वर जायचं नव्हतं आणि आता खाली. मी आईला म्हटलं, हळूहळू जाऊ, होईल. दोन तिकिटांचे पैसे जातील, सोमवारी मला ऑफिस आहे. आई तंदूरजवळ बसून गुडघ्याला तेल चोळत होती. मान वर न करता म्हणाली, “तू म्हणशील तसं. निघायचं तर निघू.”

ती ‘नको’ म्हणाली असती तर मी भांडले असते. कदाचित भांडून निघालेही असते. ती “तू म्हणशील तसं” म्हणाली आणि मला तो शेवटचा चढ आठवला, जो आता उतार होता, ओला, आणि त्यावर तिचा उजवा गुडघा. मी सॅक खाली ठेवली. पोंचो काढायला मात्र पाच मिनिटं लागली, नाडीची गाठ बसली होती.

ती तीन पोरं अडीचला निघाली. आम्ही ओसरीतून त्यांचे रंगीत पोंचो झाडीत जाईपर्यंत बघत होतो. रात्री मला झोप लागली नाही. अर्धा वेळ त्यांची काळजी आणि अर्धा वेळ, खोटं कशाला बोलू, ती नीट पोहोचली असतील तर आपण उगाच राहिलो असा हिशोब.

पहाटे पाऊस थांबलेला होता. साडेसहाला निघालो. घरमालकिणींचा मुलगा चढ संपेपर्यंत सोबत आला. जाताना ज्या वळणावर आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो तिथे फुटबॉलएवढे दगड वाटेत येऊन पडले होते, ओल्या मातीसकट. तो पायाने एकेक खाली ढकलत पुढे गेला, रोजचं काम असल्यासारखा. आई दोन काठ्या टेकत, बाजूने पाऊल टाकत, एकदाही न बसता उतरली. नाला गढूळ, मातकट झाला होता, पण पुलांच्या बराच खाली होता. आदल्या दिवशी चारच्या सुमाराला तो कुठपर्यंत होता, ते काठावर अडकलेल्या ओल्या काटक्यांच्या रेषेवरून दिसत होतं. पुलाच्या ओंडक्यांपासून हातभर खाली.

कसोलला ती पोरं भेटली. एका कॅफेच्या बाहेर मोमो खात बसली होती, बूट उन्हात वाळत घातलेले. अंधारात दोन तास मोबाईलच्या टॉर्चवर उतरलो म्हणाले, एकाचा फोन पाण्यात गेला. बाकी ठणठणीत. “आंटी, आप भी आ जाते!” आईने त्यांच्या प्लेटकडे बघितलं आणि विचारलं, “जेवलात का नीट?”

बसच्या तिकिटांचे पैसे गेले ते गेलेच. दिल्लीहून रेल्वे मात्र एक दिवस उशिराची काढली होती, मध्ये दिल्ली बघायची म्हणून. लाल किल्ला राहिला. सोमवारी मी ऑफिसात होते.

जायचं असेल तर

मे-जून आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात, हे दोन काळ चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये नवख्यांनी या खोऱ्यात ट्रेकला जाऊच नये. जुलै 2023 च्या पावसाने कुलू-मनालीकडच्या रस्त्यांची आणि पुलांची काय अवस्था केली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. हिवाळ्यात वाटेवर बर्फ आणि निसरडं असतं, तेव्हा स्थानिक माणूस सोबत हवाच.

वाट चुकण्यासारखी नाही, तरी एकट्याने जाऊ नका. पार्वती खोऱ्यात एकटे फिरणारे बेपत्ता झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आल्यात. कसोलच्या हॉटेलवर कुठे चाललोय आणि कधी परतणार हे सांगून निघा. सकाळी आठपर्यंत चालायला लागा. एकाच दिवसात जाऊन येणारे बरेच असतात, पण त्यांना गावात मिळतो जेमतेम तास-दीड तास. एक रात्र तरी राहा, आणि परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा. लाल किल्ल्याच्या नावाने ठेवला तरी चालेल.

बूट पकड असलेले आणि आधी महिनाभर वापरलेले हवेत, नवेकोरे नकोत. पोंचो, एक जाड स्वेटर, टॉर्च, नेहमीची औषधं, रोख पैसे. सॅक सात किलोंच्या वर जाऊ देऊ नका. भाजणी नेणार असाल तर मात्र किलोभर न्या. अर्धा किलो पुरत नाही.